तडकलेला डॅशबोर्ड

आमच्या घरी १९८४ सालची पद्मिनी मोटार आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ ही गाडी तयार होऊ लागली. १९७४ साली तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. आमची पद्मिनी मात्र रामनगरच्या अंगणात अजून उभी आहे.

वडिलांचा जन्म जुन्या सुप्यातला. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले आणि ते गाव जलाशयाखाली गेले. त्याविषयी बाबा कधी बोलत नसत. मीही कधी विचारले नाही.

गाडीच्या डॅशबोर्डाला दोन लांब तडे गेले होते. वरचे काळे आवरण प्लास्टिकचे. ते मऊ राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने ते हळूहळू उडून जाते. समोरच्या काचेवर आतून जो धुरकट थर बसतो, त्यात त्याचाच मोठा भाग असतो. ते गेले की आवरण कडक होते, आक्रसते आणि फाटते. आतील स्पंजाचाही भुगा होतो.

मी सुशिक्षित माणूस! बाजारातून कडक होणारा डिंक आणला आणि तडे भरून टाकले. एकाच उन्हाळ्यात त्या भरावाच्या कडेला नवा तडा गेला. उन्हात आवरण फुगते, थंडीत आकसते. ताठ भराव त्याच्याबरोबर हलत नाही, हे मला उशिरा उमगले. मग मी म्हटले, “बाबा, आता वरून सरळ रेक्झिन चढवू. तडा दिसणारच नाही.”

बाबा शांतपणे म्हणाले, “फुटिल्लें धांपल्यार बरें जायना.” फुटलेले झाकल्याने बरे होत नाही, एवढाच त्याचा अर्थ, पण मी निरुत्तर झालो.

बेळगावच्या एका कुशनवाल्या कारागिराला रीत विचारून दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे कामाला बसलो. प्रथम पॉलिशचा अंश राहू नये म्हणून सर्व पुसून काढले. चकाकी देणाऱ्या पॉलिशावर डिंक धरत नाही. मग तड्यांच्या कडा उतरत्या कापल्या, मेलेला स्पंज खरवडला आणि लवचीक भराव थराथराने भरला. प्रत्येक थर वाळू द्यावा लागे. त्या वाट पाहण्याच्या वेळात बाबा बोलू लागले. घर कोठे होते, बाजाराची वाट कशी वळे, निघताना दाराची चौकट काढून गाडीवर कशी घातली, हे सारे त्यांनी सांगितले. वयाच्या पस्तिशीत मी माझे गाव पहिल्यांदा ऐकत होतो.

भराव घासून सपाट झाल्यावरच रेक्झिन घेतले. डिंक दोन्ही अंगांना लावला, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबलो आणि मध्यापासून कडेकडे दाबत गेलो. वळणावर रेक्झिन थोडे गरम करून ताणले. आता गाडी उन्हात उभी न करता छपराखाली लावतो.

माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांना मी नीट कव्हर घालण्याचा आग्रह धरतो. तो आग्रह आजही आहे. परंतु आता कव्हर तपासण्यापूर्वी मी आतील चुका दुरुस्त झाल्या आहेत की नाही, हे पाहतो. आवरण हे दुरुस्तीनंतरचे काम आहे, दुरुस्तीऐवजीचे नव्हे.

डॅशबोर्ड आज गुळगुळीत दिसतो. पाहुण्यांना तडे सापडत नाहीत. बाबांचे बोट मात्र ते कोठून कोठपर्यंत गेले होते, हे अचूक दाखविते. आणि मग ते सुप्याची एखादी नवी आठवण सांगतात.