दोघांना उचलेल तीच होडी

चिलापीसाठी होडी लागत नाही. कणकेची गोळी लावून उजनीच्या काठावर बसलं तरी पिशवी भरते. कटला किंवा मरळ हवी असेल, तर मात्र धरणात बुडालेल्या वस्त्यांच्या पडक्या भिंतींपर्यंत, पाण्यात उभ्या वाळक्या बाभळींपर्यंत जावं लागतं. निवृत्तीनंतर मला तोच नाद लागला आणि मी दाजींना सोबत घेऊन होडी शोधायला लागलो. नवीचा भाव ऐकून घरातून जे उत्तर आलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हणून जुनी.

भिगवणच्या बाजूला एक ऐसपैस फायबरची होडी निघाली होती. पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायची. बसायला बाकं, वर कापडी छत. दाजी तर छताखाली जाऊन बसलेसुद्धा. सोबत आलेल्या नानांची हयात मासेमारीत गेलेली. त्यांनी होडीकडे पाहिलंच नाही, आमच्या दोघांच्या दंडांकडे पाहिलं. म्हणाले, "मास्तर, मे महिन्यात ही वढायची कुणी?"

उजनीचा हिशेब ज्याला माहीत आहे त्याला हा प्रश्न लगेच कळतो. धरणाचा एकूण साठा 117 टीएमसीच्या घरात, पण त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी आली की आमच्याकडचं पाणी लांब आत सरकलेलं असतं. फारच उतरलं तर पळसदेवचं जुनं मंदिरही उघडं पडतं. काठ आणि पाणी यांच्यामध्ये उरतो गुडघाभर काळा गाळ. विकणारा होडीची लांबी सांगतो, किती माणसं बसतात ते सांगतो. वजन सांगत नाही. अगदी हलकीही नको, कारण दुपारनंतर वारं सुटलं की ती पाण्यावर ठरत नाही. सपाट बुडाची, 12 फुटांच्या आसपासची, यावर आमचं एकमत झालं.

पत्र्याची एक स्वस्तात मिळत होती. नवा निळा रंग पाहूनच नानांनी नाक मुरडलं; स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जोडाजवळ दाबलं तर रंगासकट पत्रा आत गेला.

शेवटी जी घेतली ती दिसायला अगदीच कळकट. फायबरचीच, बुडाला ठिगळ. नानांनी ती पालथी घालायला लावली आणि रुपयाचं नाणं घेऊन टोकापासून वाजवत निघाले. टण, टण, टण. मागच्या अंगाला, इंजिन बसवायच्या फळीपाशी आवाज एकदम बसला. फायबरच्या आतलं लाकूड पाणी पिऊन कुजलं होतं. मग होडी सुलटी करून दोन विटांवर ठेवली आणि आत बादल्यांनी पाणी ओतलं. बाहेरून आत येणारं पाणी शोधत बसण्यापेक्षा आतून बाहेर येणारं लगेच दिसतं. ठिगळ कोरडं राहिलं; शेजारच्या केसाएवढ्या चिरेतून थेंब धरला. मालकानं 18 हजार सांगितले होते. कुजकी फळी आणि तो थेंब दाखवून 13 वर तुटलं. आम्हाला वल्ह्यावरच जायचं होतं, त्यामुळे इंजिनाच्या फळीची घाई नव्हती.

चीर घासून, मॅट आणि रेझिन लावून बुजवली. उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकावं. ऊन चढलं की हार्डनर घातलेलं रेझिन डब्यातच दगड होतं.

वाचलेल्या पैशांत लाइफ जॅकेटं आणली. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले, तेव्हापासून या पाण्यात पोहता येतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. दाजी पट्टीचे पोहणारे, त्यांना जॅकेट घालायची लाज वाटते. मी त्याशिवाय होडीत घेत नाही. मग ते काठावरच गळ टाकून बसतात, आणि संध्याकाळी माझ्यापेक्षा त्यांचीच पिशवी जड असते. चिलापीनं, अर्थात.