जुनं बांधकाम, पाडून नवीन करायला उत्तम

गेले तीन महिने आमचे वीकेंड घरं बघण्यात चाललेत. ज्यांनी नवी मुंबईत घर शोधलंय त्यांना पुढचं सांगायलाच नको. उलवे झालं, खारघर झालं, नेरूळ झालं. नवऱ्याने अर्थातच एक्सेल शीट केली आहे (इंजिनिअरशी लग्न केल्याचे फायदे... अर्थात तोही हेच म्हणू शकतो :)). कार्पेट एरिया, पार्किंग, स्टेशनपासून अंतर, ऐरोलीच्या ऑफिसला जायला लागणारा वेळ, सगळ्याला कॉलम. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून तर एजंट लोक प्रत्येक वाक्यात ते विमानतळ घुसवतात. "मॅडम, बाल्कनीतून विमान दिसेल." मला विमान नको होतं हो, ऊन हवं होतं.

अशातच एका एजंटचा मेसेज आला. सीबीडी बेलापूर, आर्टिस्ट व्हिलेज, रो हाऊस, जुनं बांधकाम, पाडून नवीन करायला उत्तम. बास, एवढंच!

आता यात गंमत अशी, की एक तर ती रो हाऊस नाहीत, आणि दुसरं म्हणजे हे 'जुनं बांधकाम' चार्ल्स कोरिया यांनी डिझाइन केलेलं आहे. जगभरातल्या आर्किटेक्चरच्या कॉलेजांत पोरं या वसाहतीचे नकाशे गिरवतात. आणि आमचा एजंट सांगतो, पाडा.

माझी एक मैत्रीण सनीवेलला असते. तिथे जोसेफ आइक्लर नावाच्या बिल्डरने १९४९ पासून पुढच्या सतराएक वर्षांत कॅलिफोर्नियाभर साधारण ११,००० घरं बांधली. सपाट किंवा किंचित उतरतं छप्पर, मोठमोठ्या काचा, मधे उघडं अंगण. मध्यमवर्गीयांसाठी बांधलेली साधी घरं ती. आज 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणून लोक ती शोधत फिरतात. जाहिरातीत बेडरूम किती ते नंतर, 'आइक्लर' हा शब्द आधी. मूळचं लाकडी पॅनेल शाबूत असेल तर तेही अभिमानाने लिहितात. आपल्याकडे जाहिरातीत स्विमिंग पूल असतो, क्लब हाऊस असतं, पण घर ज्याने आखलं त्याचं नाव शोधून सापडत नाही.

आता कोणी म्हणेल, नवी मुंबईत कुठलं आलंय मिड-सेंच्युरी? खरंच आहे. पन्नाशीच्या दशकात इथे भातखाचरं होती, मिठागरं होती आणि आगरी-कोळ्यांची गावं. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात मांडली आणि सिडको स्थापन झाली १९७० साली. म्हणजे शहराचाच जन्म उशिराचा. पण माणूस मात्र त्याच काळातला. साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय त्यांनी १९५८ ते १९६३ मध्ये उभं केलं. आर्टिस्ट व्हिलेजचं काम १९८३ ते ८६ मधलं. तेव्हा तारखेवरून नाही, तरी विचारावरून आपल्या वाट्याला आलेलं जवळात जवळचं 'मिड-सेंच्युरी' हेच.

तर आम्ही गेलो बघायला. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे ही वसाहत. ५.४ हेक्टर जागेवर साधारण ५५० कुटुंबांसाठी आखलेली, तीही लिफ्ट नाही, टॉवर नाही, सगळं जमिनीलगत. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. कमी कमावणारा आणि जास्त कमावणारा यांच्या जागेत फरक मुद्दामच कमी ठेवलेला. आणि प्रत्येक घर आपापल्या प्लॉटवर सुटं, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही. कारण पुढे पैसा आला, माणसं वाढली की ज्याने त्याने आपलं घर वाढवावं, त्यासाठी शेजाऱ्याच्या परवानगीची आणि भांडणाची गरज पडू नये.

मला मजा वाटली ती मांडणीची. सात घरं, मधे साधारण ८ बाय ८ मीटरचा चौक. असे तीन गट एकत्र आले की २१ घरं आणि त्यांच्यामधे १२ बाय १२ चा मोठा चौक. मग तोच प्रकार आणखी मोठ्या आकारात. चक्क रिकर्शन! कॉलेजमध्ये सरांनी हे उदाहरण दिलं असतं तर पहिल्याच दिवशी डोक्यात शिरलं असतं. 

घरं मूळची कशी होती ते आता शोधावं लागतं. पांढऱ्या भिंती, कौलारू उतरतं छप्पर, गवंड्याला आणि सुताराला सहज जमेल असं बांधकाम. एका गल्लीत आम्ही मोजत गेलो. बहुतेक ठिकाणी आरसीसीचे दोन-तीन मजले उभे, वर पाण्याची काळी टाकी, दर्शनी बाजूला ग्रॅनाइट. मधेच एखादं कौलारू घर, खांदे पाडून बसल्यासारखं.

हे बघून वाईट वाटून घेणं सोपं आहे. आर्किटेक्चरवाले घेतातही. मला मात्र ते पटत नाही. घर वाढवायचं हे तर मूळ डिझाइनमध्येच होतं! दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, म्हातारे आईवडील एवढ्यांनी एका कौलारू खोलीत का राहायचं, तर कोणाला तरी फोटो काढायला बरं पडावं म्हणून? आपल्या भाषेत सांगायचं तर आतलं इम्प्लिमेंटेशन खुशाल बदला, फक्त इंटरफेस मोडू नका. आणि इथला इंटरफेस म्हणजे तो चौक.

कारण फरक तिथेच दिसतो. एका चौकात चारही बाजूंनी घरं वाढली होती, पण प्रत्येकाचं दार चौकातच उघडत होतं. वाळवणं पडली होती, दोन पोरं सायकल फिरवत होती, एक आजी पायरीवर बसून आम्हाला आपादमस्तक न्याहाळत होत्या. त्याच्याच पलीकडच्या चौकात घरं तेवढीच मोठी, पण मधे तीन गाड्या आणि सगळ्या दारांना लोखंडी ग्रिल. इमारतींचं वय तेच, आर्किटेक्ट तोच. पण तिथे दोन मिनिटंही थांबावंसं वाटेना.

म्हणून अशी जागा बघायला जाणाऱ्यांना माझा सल्ला: दुपारी बाराला एजंटच्या वेळेने जाऊ नका. संध्याकाळी सहा-साडेसहाला एजंटशिवाय जा आणि चौकात नुसते उभे राहा. कोणी "कोण पाहिजे?" असं विचारलं, तर जागा जिवंत आहे असं समजा. आम्हाला त्या आजींनी विचारलं. मी म्हटलं, "आजी, घर बघायला आलोय." त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "मग तुम्ही पण तीन मजले चढवणार का? माझं सकाळचं ऊन जाईल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवरा लगेच म्हणाला, "नाही, नाही," आणि घरी येईपर्यंत कशाच्या जोरावर बोललो याचा विचार करत बसला.

आता व्यवहाराचं, कारण हप्ता पुढची वीस वर्षं आम्हीच भरणार आहोत. सिडकोच्या जमिनी मूळच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या, त्यामुळे उरलेली वर्षं आणि हस्तांतरणाचे कागद आधी बघायचे. मागच्या मालकाने काढलेली वाढीव खोली मंजूर नकाशात आहे का, हे विचारायचं. नसेल तर ते दुखणं आपल्या गळ्यात. कौलं पावसाळ्यात बघायची, वासे वाळवीसाठी. आणि जुन्या भिंती भार पेलणाऱ्या असतील तर 'इथे ओपन किचन करू' म्हणून हातोडा मारता येत नाही. बँकेच्या व्हॅल्युअरने बांधकामाला जवळजवळ काहीच किंमत धरली नाही, सगळी किंमत जमिनीची. चौक तर त्याच्या फॉर्ममध्येच नव्हता. तो कुंपणाबाहेर, सगळ्यांचा, म्हणजे हिशेबात कोणाचाच नाही. आणि आम्ही ज्यासाठी एवढे पैसे मोजायला निघालोय ते नेमकं तेच.

या विषयावर आमच्या घरात रीतसर भांडण झालं. नवऱ्याचा मुद्दा साधा आहे. एवढ्याच पैशात उलव्याला टू बीएचके, पार्किंग, लिफ्ट, आणि छप्पर गळलं तर ती सोसायटीची डोकेदुखी. शिवाय आम्ही कौलं जपून बसायचं आणि शेजारच्याने चार मजले चढवले, तर अंधारात कोण बसणार? आम्हीच. हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. माझं म्हणणं एवढंच, की कोपऱ्यातला हा प्लॉट पूर्वेला चौकाकडे उघडा आहे, तेवढी बाजू तरी कोणाला बंद करता येणार नाही. आणि दुसरा जो गिऱ्हाईक आहे तो पाडायलाच घेतोय, हे एजंटनेच सांगितलंय.

शेवटी शीटमध्ये 'चौक' नावाचा नवा कॉलम आला. कॉलम नवऱ्यानेच टाकला, पण त्याला वेटेज किती द्यायचं यावर दोन दिवस गेले.

मालकांनी आम्हाला महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय. रविवारी स्ट्रक्चरल इंजिनिअर येणार आहे, वासे ठोकून बघेल. वाळवी निघाली तर किमतीचं पुन्हा बोलावं लागेल. गाडी घ्यायचीच झाली तर ती चौकात उभी करायची नाही, बाहेर रस्त्यावर, एवढं मात्र दोघांचं ठरलंय. पार्किंगचा कॉलम नवऱ्याने तूर्तास हाइड केलाय. डिलीट नाही हं, हाइड.