अल्पश्रमाची न्हाणीघर-स्वच्छता : एका घरातील अनुभव

टाइल बसवलेल्या न्हाणीघराच्या भिंतींवर साचणारा मळ डोळ्यांना एकसारखाच दिसत असला, तरी उत्पत्तीच्या दृष्टीने त्याचे तीन प्रकार पडतात : पाण्यातील क्षारांचा थर, साबण आणि तेल यांचा चिकट थर, आणि ओलाव्यावर वाढणारी बुरशी. हे तिन्ही थर एकमेकांवर चढत जातात. त्यामुळे ते एकाच द्रावाने आणि मनगटाच्या जोरावर निघतील अशी समजूत होते, व स्वच्छतेसाठी खर्ची पडणारे बरेच श्रम या समजुतीपायी वाया जातात. प्रस्तुत लेखिकेच्या घरातील शॉवरच्या भिंती आठवड्यातून एकदा घासूनही पांढरट राहत असत आणि सध्या त्या क्वचितच घासाव्या लागतात. हा बदल कसा घडला, याचे कारणांसह विवेचन येथे केले आहे.

हे घर पुण्याच्या एका उपनगरातील गृहनिर्माण संस्थेत असून तेथे नळाच्या पाण्यात बोअरचे, आणि उन्हाळ्यात टँकरचेही, पाणी मिसळले जाते. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट, म्हणजे लाव्हारस थिजून बनलेला काळा पाषाण, त्याच्या भेगांतून झिरपणारे भूजल वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची संयुगे विरघळवून घेते, आणि अशा पाण्यात साबणाला सहजी फेस येत नाही म्हणून पाठ्यपुस्तके त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, तर घरोघरी त्याला जड पाणी म्हणतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) यानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ती ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतली जाते. म्हणजेच पिण्यास योग्य ठरलेले पाणीसुद्धा भिंतीवर भरपूर डाग पाडू शकते.

डाग पडण्याची क्रिया बाष्पीभवनाची आहे. समजा पाण्याचा जडपणा लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे आणि प्रत्येक स्नानानंतर भिंतींवर थेंब व पातळ थर यांच्या रूपाने पाव लिटर पाणी राहून जागीच वाळते. अशा स्थितीत प्रत्येक वेळी सुमारे १०० मिलिग्रॅम क्षार मागे उरतात, आणि दिवसाला दोन स्नाने धरली तर वर्षाकाठी ही राशी ७० ग्रॅमच्या पुढे जाते. पाणी गरम होताना त्यातील विद्राव्य बायकार्बोनेटांपैकी काहींचे अविद्राव्य कार्बोनेटांत रूपांतर होते. गीझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या छिद्रांशी बसणारे कठीण पांढरे कवच याच क्रियेतून तयार होते. बादली-तांब्याने स्नान करताना भिंतीचा कमरेपर्यंतचा भाग ओला होत असे. शॉवरने तोच ओलावा डोक्याच्याही वर नेला, आणि जुन्या घरात शहाबादी फरशीपुरते मर्यादित असलेले घासण्याचे काम भिंतींवर चढले.

दुसऱ्या थराचे मूळ साबणात आहे. अंगाचा वडीचा साबण हा तेलातील मेदाम्लांचा सोडियम क्षार असतो. जड पाण्यातील कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की मेदाम्लांचा कॅल्शियम क्षार तयार होतो, आणि तो पाण्यात विरघळत नसल्यामुळे राखाडी, मेणचट साय होऊन टाइलला धरतो. केसांना लावलेले खोबरेल तेल आणि दिवाळीतील अभ्यंगस्नानाचे तेल व उटणे त्यात भर घालतात. याउलट, बॉडी वॉश व शाम्पू यांत सामान्यतः कृत्रिम प्रक्षालके असतात, म्हणजे साबणाप्रमाणे मळ सोडवणारे, परंतु कॅल्शियमबरोबर तशी साय न धरणारे पदार्थ. घरातील तरुण मंडळींनी वडीऐवजी असे द्राव वापरण्यास सुरुवात केल्यावर शॉवरखालच्या भिंतीचा चिकटपणा स्पष्टपणे घटला. सासूबाईंनी मात्र चंदनाचा साबण सोडला नाही, आणि त्या बसून, बादलीने स्नान करीत असल्याने त्यांच्या बाजूच्या भिंतीची खालची पट्टीच तेवढी वेगळी धुवावी लागते.

तिसरा प्रकार बुरशीचा होय. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना रुजण्यासाठी ओलावा व थोडे सेंद्रिय अन्न एवढेच लागते, आणि साबणाचा थर हे अन्न आयते पुरवतो. पावसाळ्यात, जेव्हा हवेतच बाष्प भरलेले असते, तेव्हा दार लावलेले न्हाणीघर दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही, आणि टाइलच्या सांध्यांत काळे ठिपके उमटतात. हे ठिपके टाइलवर क्वचित आणि सांध्यांत हमखास का दिसतात, याचे उत्तर पृष्ठभागाच्या रचनेत आहे. टाइलवरील चकाकी, म्हणजे भट्टीत वितळवून चढवलेला काचेसारखा थर, पाणी शोषत नाही. सांध्यांत भरलेले पांढरे सिमेंट मात्र सच्छिद्र असते, ते पाणी आणि मळ दोन्ही धरून ठेवते. म्हणून न्हाणीघराच्या स्वच्छतेचा प्रश्न बऱ्याच अंशी सांध्यांचा प्रश्न ठरतो.

वरील तिन्ही थरांची कारणे शेजारी ठेवली असता त्यांतील समान घटक लक्षात येतो, तो म्हणजे भिंतीवर मागे राहिलेले पाणी. ते वाळण्यापूर्वीच खाली ओढले, तर क्षार भिंतीवर उरत नाहीत, साबणाचा अंश पाण्याबरोबरच निघून जातो आणि बुरशीला लागणारा ओलावा मिळत नाही. या विचारातून घरात एकच नियम करण्यात आला : स्नान करणाऱ्याने अंग पुसण्याआधी भिंतींवर साधे पाणी मारावे, काचा पुसण्याचा रबरी पातीचा छोटा वायपर वरून खाली फिरवावा, आणि जमिनीवरील पाणी मोठ्या वायपरने नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जाळीखाली पाणी साठवून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्याकडे, लोटावे. छोटा वायपर नळाशेजारी, हात पोहोचेल अशा खुंटीवर टांगला आहे, कारण तो बाल्कनीत ठेवला असता कोणीही आणावयास जात नसे. स्नानानंतर एक्झॉस्ट पंखा काही वेळ चालू ठेवणे व दार उघडे टाकणे, हा याच नियमाचा उरलेला भाग होय.

या दैनंदिन क्रियेनंतरही कोपऱ्यांत व नळाच्या बुडाशी थोडा थर साचतोच. तो काढताना द्रव्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. क्षार आम्लात विरघळतात, तर तेलकट थर प्रक्षालकाने सुटतो. तेलाचे आवरण कायम असताना आम्ल लावले, तर ते क्षारापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यामुळे आधी भांडी घासण्याच्या द्रवाचे काही थेंब कोमट पाण्यात घेऊन भिंत पुसावी, ती धुवावी, आणि नंतर लिंबूसत्त्वाचे, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या सायट्रिक आम्लाच्या स्फटिकांचे, लिटरभर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम या प्रमाणात केलेले द्रावण फवारून काही मिनिटे थांबावे. या थांबण्यात रासायनिक क्रिया घासण्याचे काम करते. सांधे आधीच साध्या पाण्याने भिजवून घेतले असता ते आम्ल कमी शोषतात. ही दक्षता आवश्यक आहे, कारण सिमेंटही आम्लाने झिजते. संगमरवर, कोटा आणि शहाबादी यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेटच असल्यामुळे त्यांवर कोणतेही आम्ल वापरू नये, अन्यथा डागाबरोबर दगडाची झिलईही जाते.

प्रचलित घरगुती उपायांपैकी दोहोंची येथे चिकित्सा करणे योग्य ठरेल. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून येणारा फेस परिणामकारक वाटतो. परंतु आम्ल व अल्क यांनी एकमेकांना निष्प्रभ केल्याची ती खूण असते आणि मागे बहुतांशी सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते, म्हणून हे दोन पदार्थ वेगवेगळ्या वेळी वापरावेत. दुसरा उपाय धोकादायक आहे : शौचालयासाठीचे हायड्रोक्लोरिक आम्लयुक्त द्राव टाइलवर ओतल्यास डाग तत्काळ जातात, तथापि सांधे पोखरले जातात, नळांचा मुलामा काळवंडतो, आणि त्याच वेळी बुरशीसाठी ब्लीच वापरले असेल, तर दोहोंच्या संयोगाने क्लोरीन हा विषारी वायू बंदिस्त जागेत मोकळा होतो. ब्लीचमध्ये सौम्य आम्ल मिसळल्यासही हा धोका असतो, म्हणून या घरात ब्लीच आणि लिंबूसत्त्व यांचे दिवस वेगळे ठेवले आहेत.

जेथे सांधे खोलवर काळे पडले होते, तेथे कोणत्याही द्रावाचा उपयोग झाला नाही. टाइल मिस्त्रीकडून जुने सिमेंट कोरून काढून तेथे इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर कडक होणारी व पाणी जवळजवळ न शोषणारी राळ, भरून घेतली. पांढऱ्या सिमेंटपेक्षा तिचा खर्च बराच अधिक असतो आणि ती भरण्याचे काम सफाईचे लागते. परंतु त्या भिंतीला पुढील पावसाळ्यात पुन्हा ठिपके आले नाहीत. त्याच वेळी जमिनीचा ढाळ, म्हणजे पाणी जाळीकडे वाहून जाण्यासाठी ठेवलेला उतार, एका कोपऱ्यात उलटा असल्याचे आढळले व तो दुरुस्त करण्यात आला. संपूर्ण घरासाठी पाणी सुफेन करणारे यंत्रही उपलब्ध असते. त्यातील राळेचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात व बदल्यात सोडियम सोडतात, मात्र त्यांना ठरावीक काळाने मिठाचे पाणी द्यावे लागत असल्यामुळे तो पर्याय येथे निवडलेला नाही.

अल्पश्रम या कल्पनेचा विचार करताना ते श्रम नेमके कोणाचे कमी झाले, हा प्रश्न टाळता येत नाही. बहुतेक मध्यमवर्गीय मराठी घरांत न्हाणीघर घासणे हे गृहिणीच्या किंवा घरकामास येणाऱ्या मावशींच्या वाट्याला येते, आणि आम्लाचा झोंबणारा वास व भिजलेले गुडघे हे त्या कामाचे अदृश्य मूल्य असते. इतरांना न्हाणीघर आपोआप स्वच्छ राहते असे वाटण्याचे कारणही हेच आहे. वायपरच्या नियमाने एका व्यक्तीचे आठवड्याचे कष्ट चौघांत विभागले गेले आणि प्रत्येकाच्या वाट्याला स्नानानंतरचे मिनिटभराचे काम आले. प्रारंभी घरातील पुरुषांना हा नियम काच वाटत असे व तो मोडलाही जात असे. परंतु ज्या दिवशी तो मोडे, त्या दिवसाचे थेंब दुसऱ्या सकाळी काळ्या टाइलवर पांढरे होऊन दिसत, आणि मोडणारा कोण हे वेगळे सांगावे लागत नसे. मावशींनी आता शॉवरच्या भिंतींऐवजी नळाचे बूड, जाळी आणि दारामागचा कोपरा एवढेच काम स्वतःकडे ठेवले असून त्यांचा पगार तोच राहिला आहे. ही व्यवस्था टिकण्यामागे लिंबूसत्त्व किंवा इपॉक्सी यांच्यापेक्षा मोठा वाटा, जो भिंत ओली करतो त्यानेच ती कोरडी करावी, या तत्त्वाचा आहे.