चांदणीची बादली

आम्ही आयर्लंडमधले गॉलवे सोडून इंग्लंडात लँकेशरला आलो, तेव्हा सामानात तेवीस खोकी, एक शिलाई मशीन आणि एक घोडी होती. घोडी म्हणजे लेकीची चांदणी, कॉनेमारा जातीची, पांढरी, अंगाने लहान. चिपळूणला फोनवर सांगितले तर अम्मीला वाटले आम्ही थट्टा करतोय.

प्रवासाची आम्हाला फार धास्ती होती. तो मात्र सुखरूप पार पडला. चांदणीचा स्वतःचा पासपोर्ट, मानेत मायक्रोचिप, तब्येतीचे दाखले. डब्लिनहून बोटीने होलीहेडला आणि पुढे गाडीने. दुसऱ्यांचे घोडे महिन्याच्या भाड्याने सांभाळणाऱ्या पागेला इकडे लिव्हरी यार्ड म्हणतात. तशा पागेत आम्ही जागा घेतली होती. तिथला नियम असा की नव्या जनावराला दोन आठवडे इतर घोड्यांपासून लांब ठेवायचे. घोड्यांत घशाच्या गाठींचा एक रोग फार लवकर पसरतो, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. ३८.५ अंशांच्या वर गेला की काळजी.

ताप आम्ही इमानाने मोजला. चूक दुसरीकडेच झाली.

जुन्या पागेत चांदणी बादलीतून पाणी प्यायची. इथे भिंतीला लोखंडी वाटी, नाकाने पट्टी दाबली की पाणी येते. तेव्हा ‘खस्स’ असा आवाज होतो. ती त्या आवाजाला भ्याली असणार. वाटी कायम भरलेली दिसायची, आणि आम्ही समजलो पाणी पिते आहे. आम्हालाही घरी खोकी उघडायची घाई होती, हे कबूल करायला हवे.

तिसऱ्या दिवशी फजरनंतर गेलो तर लीद अगदी थोडी, कोरडी, सुपारीसारखी. चांदणी पुढचा पाय जमिनीवर खरडत होती, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. घोड्याला उलटी होत नाही. पोटात अडले की ते पुढेच सरकायला हवे, नाहीतर जीव जातो. लेक तिच्या मानेला बिलगून उभी राहिली. एक शब्द बोलेना.

डॉक्टरीणबाई आल्या. कुशीला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकला, मग नाकातून पोटात लांब नळी घालून पाणी आणि क्षार सोडले. वेदनेचे इंजेक्शन दिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “काल किती प्यायली?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. पंधरा वर्षे वर्गात मुलांना ‘उत्तर येत नसेल तर तसे सांगा’ म्हणत आलो, ते त्या दिवशी आम्हाला सांगावे लागले.

एवढ्या अंगाच्या घोडीला कोरड्या गवतावर दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी लागते. आम्ही बाजारातून काळी रबरी बादली आणली, आत लिटरच्या खुणा केल्या. पाण्यात थोडा सफरचंदाचा रस. गवत भिजवून. जुन्या पागेतून आणलेले गवत अजून शिल्लक होते. त्यात नवे रोज थोडे थोडे वाढवत दहा दिवस नेले. सासरे फोनवर म्हणाले, “बैलाचा पेंढासुद्धा आम्ही एकदम बदलत नसू.” हे आधी विचारले असते तर!

मगरिबच्या आधी मोठी, ओलसर लीद पडली. अल्हमदुलिल्लाह! लिदीवर एवढे खूश झालेले लोक पागेच्या मालकिणीने तरी पाहिले नसावेत. तिने आम्हाला चहा दिला.

दोन आठवडे संपल्यावर तिला एका म्हाताऱ्या, शांत घोड्याशेजारी सोडले, आधी कुंपणाच्या अलीकडे. दोघांनी नाक लावले, चांदणी किंचाळली, मग दोघे चरू लागले. चार दिवसांनी कुंपण काढले.

त्याच आठवड्यात लेकीने विचारले, “अम्मी, शाळेत डबा नेला तर चालेल?” इतके दिवस ती दुपारी काय खात होती, हेही आम्ही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी डब्यात खिमा आणि चपाती दिली. डबा रिकामा आला.