पुस्तकांचे व्यापारी केशवराव कोठावळे

माल पडून राहणे हा व्यापारातील मोठा दोष मानला जातो. बँकेच्या नोकरीत व्यापाऱ्यांचे ताळेबंद मीही याच दृष्टीने तपासत आलो. वर्षाकाठी माल किती वेळा फिरला, उधारी किती दिवसांत वसूल झाली, गोदामात जुना माल किती शिल्लक आहे, यांवर कर्जाची मर्यादा ठरत असे. या कसोटीला एक व्यवसाय सहसा उतरत नसे, आणि तो म्हणजे पुस्तकप्रकाशनाचा. धान्याला उद्या गिऱ्हाईक मिळते, कापडाला सणासुदीला मिळते. पुस्तकाला कधी मिळेल याचा नेम नाही. असा व्यवसाय ज्यांनी दानधर्म म्हणून नव्हे तर दुकान म्हणून आयुष्यभर केला, त्या केशवराव कोठावळे (१९२३–१९८३) यांचे स्मरण व्यापारी कुटुंबांतील वाचकांपुढे करावे, असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते.

केशवरावांचा साहित्याशी संबंध आला तो विक्रीच्या बाजूने. गिरगावात मॅजेस्टिक नावाचे चित्रपटगृह होते. ‘आलम आरा’ हा आपल्या देशातील पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी तेथेच झळकला. त्या परिसरात जुन्या पुस्तकांचा एक लहानसा स्टॉल उभा राहिला आणि चित्रपटगृहाचेच नाव त्यालाही मिळाले. पुढे १९५२ पासून ‘मॅजेस्टिक’च्या नावावर पुस्तके प्रसिद्ध होऊ लागली. स्टॉल, दुकान आणि मग प्रकाशनसंस्था असा हा क्रम आहे, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. हातगाडीवरून दुकानात व दुकानातून पेढीवर गेलेली कितीतरी घराणी आपण पाहतो. अशा माणसाला ग्राहकाचे मन ऐकीव माहितीवरून कळत नाही. ते त्याने गल्ल्यावर बसून रोज वाचलेले असते.

जानेवारी १९६४ मध्ये केशवरावांनी ‘ललित’ हे मासिक सुरू केले. त्याचा विषयच मुळी पुस्तके हा होता. कोणते पुस्तक आले, कोणते येणार आहे, लेखक सध्या काय लिहीत आहेत, याची वार्ता त्यातून दर महिन्याला वाचकाच्या हाती पडू लागली. मला यात व्यापारी बुद्धीचा एक उत्तम नमुना दिसतो. ज्या गावात पुस्तकाचे दुकान निघणे शक्य नाही, त्या गावात दुकानाचा गल्लाच टपालाने पाठवायचा, अशी ही योजना होती. आणि त्या गल्ल्यावर केवळ आपलाच माल मांडलेला नव्हता. इतर प्रकाशकांच्या पुस्तकांनाही तेथे जागा होती. बाजार वाढला तर आपलेही दुकान वाढेल, एवढा दूरचा विचार त्यामागे होता.

याच मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर लिहीत. वसंत सरवटे यांची चित्रे त्याला लाभली होती. मोठमोठ्या साहित्यिकांची आणि प्रकाशकांची त्यात निर्मळ थट्टा असे. ज्यांच्याशी नित्य व्यवहार करायचा, त्यांचीच थट्टा आपल्या मासिकात छापायला व्यापाऱ्याच्या अंगी धैर्य लागते. ते केशवरावांनी वर्षानुवर्षे दाखवले.

आता नाटकांविषयी. दळवींची ‘चक्र’ ही कादंबरी मॅजेस्टिकने प्रसिद्ध केली, तशी पुढे त्यांची नाटकेही केली. नाटक छापणे हा प्रकाशनातलाही अवघड प्रकार होय. कथा-कादंबरी माणूस विरंगुळ्यासाठी विकत घेतो. नाटकाचे तसे नाही. ज्याने प्रयोग पाहिला त्याला पुस्तक घेण्याची गरज वाटत नाही, आणि ज्याने पाहिला नाही त्याला ते घ्यावे असे सुचत नाही. समजा, हजार प्रती छापल्या आणि वर्षाला दोनशे खपल्या, तर गुंतवलेली रक्कम पूर्णपणे मोकळी व्हायला पाच वर्षे लागणार. तोपर्यंत कागदाचे, छपाईचे, बांधणीचे पैसे अडकलेले, त्यावरील व्याज चालू, आणि विक्रेत्याचे कमिशन व लेखकाचे मानधन वेगळे. कोणत्याही कर्ज अधिकाऱ्याने या आकड्यांखाली लाल रेघ ओढली असती.

मग ती छापावीत कशासाठी? याचे उत्तर मला बँकेतच मिळाले. त्या काळी बँक कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धा होत. मला अभिनयाचे अंग नव्हते, म्हणून मी विंगेत पुस्तक घेऊन बसणारा प्रॉम्प्टर. नटाला वाक्य आठवले नाही की हलक्या आवाजात ते पुरवायचे. पडदा पडला की नेपथ्य सुटते, रंग पुसला जातो, नट आपापल्या टेबलावर परततात; हाती उरते ते केवळ पुस्तक. त्या पुस्तकावर दुसऱ्या गावची मंडळी दुसऱ्या वर्षी पुन्हा नाटक उभे करतात. प्रारंभीच्या पानावर प्रयोगासाठी लेखकाची परवानगी घेण्याविषयी सूचना छापलेली असते. म्हणजे लेखकाचे येणेही त्या पुस्तकामुळेच सुरक्षित राहते. थिएटर एका रात्रीचे उत्पन्न मोजते, तर नाटकाचा प्रकाशक पुढच्या पिढीच्या नावावर ठेव ठेवतो.

निवृत्तीनंतर मी टाकवे बुद्रुक येथे राहायला आलो. कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणीचा पूल ओलांडला की आमचे गाव लागते. पुढे सगळा आंदर मावळ. कारखाने आले, रस्त्यावर वर्दळ वाढली, तरी येथे नाट्यगृह नाही. नाटक पाहायचे तर पिंपरी-चिंचवड किंवा पुणे गाठावे लागते, आणि रात्री उशिरा परतणे आमच्या वयाच्या माणसांना झेपत नाही. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा संध्याकाळ फार लांबते. अशा संध्याकाळी आमच्या ओसरीवर शेजारचे एक किराणा व्यापारी व त्यांच्या पत्नी येऊन बसतात. त्यांचा एक मुलगा बेंगळुरूला नोकरीत, दुसरा परदेशात. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघांनी मिळून दळवींचे ‘संध्याछाया’ मोठ्याने वाचले. त्यातील नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत आहे, दुसरा हवाई दलात. घरात दोन म्हातारी माणसे आणि वाट पाहणे.

पहिला अंक संपला तेव्हा शेठजी काही बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, “साहेब, दुकान विकायचा कागद तयार होता. दिवाळीला मुले येतील, तेव्हा त्यांना समोर बसवून हे वाचतो. मग काय ते ठरवू.”

दिवाळीत मुले आली. वाचन झाले की नाही, हे मी विचारले नाही. ती त्यांच्या घरची गोष्ट. पुस्तक मात्र परत आले, ते तपकिरी कागदाचे कव्हर घालून. दुकान अद्याप विकलेले नाही. धाकटा मुलगा आता दर रविवारी सकाळी फोन करतो आणि आधी मालाची चौकशी करतो, असे वहिनींनी माझ्या पत्नीला सांगितले.

हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. इंद्रायणीकाठच्या एका ओसरीवर ते इतक्या उशिरा पोहोचले, कारण ते कोणीतरी छापून ठेवले होते. त्या वर्षीच्या ताळेबंदात त्या प्रती ‘शिल्लक माल’ या सदरात पडल्या असतील. त्यांचा खरा हिशेब कोणत्या वर्षी मांडायचा?

केशवराव १९८३ मध्ये गेले, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावरच होते. ‘ललित’ व प्रकाशन त्यांच्या पुढच्या पिढीने चालू ठेवले. त्यांच्या नावाने पारितोषिकही दिले जाते. व्यापारी माणसाच्या स्मृतीला याहून अधिक काय हवे? पेढी चालू आहे आणि देणेकऱ्यांत कोणाचे नाव राहिलेले नाही.

वाचकहो, दिवाळीत आपल्या दुकानांत नवी वही उघडली जाते, त्याच सुमारास दिवाळी अंकही येतात. यंदा नव्या वहीच्या पहिल्या खर्चात एका नाटकाच्या पुस्तकाची रक्कम जरूर धरावी. ते एकट्याने मनात वाचू नये. घरातल्या चार माणसांत भूमिका वाटून मोठ्याने वाचावे. आजोबांना थोडी लांब भूमिका द्यावी. अडखळले तर हलक्या आवाजात वाक्य पुरवायला नातवंडांपैकी कोणीतरी बसेलच.