दोनावर एक फुकट

2000 सालाच्या आगेमागे कॅलिफोर्नियात संसार मांडलेल्या आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी ग्रँड कॅन्यनचा एक फोटो असतोच. कठड्याशी आई-बाबा उभे. आईच्या साडीवर स्वेटर आणि पायात आम्ही घेऊन दिलेले पांढरे बूट, बाबांच्या डोक्याला माकडटोपी. मागे तांबडी दरी आणि फोटोच्या कडेला एका अनोळखी चिनी आजोबांचा अर्धा खांदा. तो खांदा दिसला की समजायचं, ही मंडळी बसने गेली होती.

आई-बाबा सहा महिन्यांच्या मुक्कामाला यायचे. आम्हाला वर्षाची रजा जेमतेम दहा-बारा दिवस, गाडी पाच जणांची आणि माणसं सहा. मग महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास सांगायचं, "लॉस एंजलिसहून चिनी लोकांच्या बस सुटतात, त्यांनी जा. दोन तिकिटं काढली की त्याच खोलीतलं तिसरं माणूस फुकट." हिशेब पटायचा. पोहे-उपम्याची तयार पाकिटं, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि एक छोटा राइस कुकर बॅगेत भरला जायचा.

बस पहाटे सॅन गॅब्रिएल खोऱ्यातल्या एखाद्या चिनी बेकरीसमोरून सुटायची. गाईड प्रत्येक गोष्ट आधी मँडरिनमध्ये सांगे, मग कँटोनीजमध्ये आणि शेवटी इंग्रजीत. प्रत्येक वळणावर मजकूर आखडत जाई. मँडरिनमध्ये पाच मिनिटं चाललेला विनोद आमच्या वाट्याला दीड वाक्यात यायचा. बाबा मात्र पहिल्याच हप्त्याला चिन्यांबरोबर हसून मोकळे व्हायचे.

जागांवरून पहिली कुरबूर व्हायची. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी ही पिढी. बसच्या दारात सगळ्यांत आधी उभी. इथे गाईडकडे जागांची यादी, आणि ती रोज बदलणार. काल पुढे बसलेला आज मागे. "पैसे सारखेच घेतलेत ना?" असं बाबा दोन दिवस पुटपुटत. दुसरी कुरबूर टिपची. माणशी रोजची ठरलेली टिप गाईड शेवटच्या दिवशी गोळा करी, आणि सक्तीने घेतात ती टिप कसली, हा वाद घरी परतल्यावरही पुरायचा.

लास व्हेगासच्या भट्टीतून निघून बस युटात शिरली की घड्याळ तासभर पुढे करायचं. तिथून ॲरिझोनात उतरलं की पुन्हा मागे, कारण ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ हलवत नाही. त्याच ॲरिझोनातल्या नॅव्हाहो लोकांच्या भूमीत मात्र ते परत पुढे. काश्मीर ते कन्याकुमारी एकाच वेळेवर चालणाऱ्या देशातून आलेल्या बाबांना हा निव्वळ पोरकटपणा वाटे.

झायनचा बोगदा 1930 साली खुला झाला. लांबी 1.1 मैल, आणि उंची त्या काळच्या गाड्यांच्या मापाची. मोठी बस रस्त्याच्या मधोमध चालली तरच कमानीखालून निघायची, म्हणून समोरची वाहतूक थांबवावी लागायची. आमची बस अशीच ताटकळली आणि मग आत शिरली. अंधार झाल्याबरोबर आजोबांनी नातवाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघे मिळून ओरडले. खंडाळ्याच्या बोगद्यांत रेल्वेचा अख्खा डबा ओरडतो, तसे. आम्ही "शूऽऽ" म्हणेपर्यंत मागून दोन चिनी पोरं ओरडली, मग त्यांचे बाप. गाईडने तिन्ही भाषांत शांत राहायला सांगितलं, पण तोवर बोगदा संपला होता.

त्याच संध्याकाळी आठ हजार फुटांवर ब्राइस कॅन्यनला पोचायचं. नाव कॅन्यन असलं तरी ही नदीने कापलेली दरी नव्हे. इथलं काम बर्फाचं. खडकाच्या भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं आणि भेग रुंदावतं. हजारो वर्षं हेच चालून केशरी सुळक्यांचं रान उभं राहिलं. पहाटे जून महिन्यातही दात वाजायचे, आणि मुंबईहून उगाच आणली म्हणून आम्ही ज्यांची थट्टा केली होती, त्या शाली आणि माकडटोप्या बाहेर निघायच्या. एक माकडटोपी तर आम्हीही मागून घेतली.

आमच्या गोतावळ्यात सगळ्यांत जास्त सांगितला जातो तो किस्सा पेज गावातला. तिथे कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे, 216 मीटर उंच. एका मित्राचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गाईडला विचारलं, "गाळाचं काय करता?" गाईडकडे उत्तर नव्हतं. त्याने माईकच काकांच्या हातात दिला. काका उभे राहिले, एका हाताने वरची दांडी धरली आणि खणखणीत सरकारी इंग्रजीत सुरू झाले. पाण्याचा रेटा कमान दोन्ही बाजूंच्या कड्यांवर कसा ढकलते. ही नदी पूर्वी गाळाने तांबडी वाहायची, आता गाळ वर लेक पॉवेलमध्ये अडकतो आणि खाली थंड, स्वच्छ पाणी सुटतं. कोयना 103 मीटर, पण आमचं भाक्रा 226, म्हणजे याहून उंच. आणि त्या भाक्राच्या बांधकामावर देखरेख करायला अमेरिकेतूनच हार्वे स्लोकम आला होता. गाईड वाक्यावाक्याला दोन्ही चिनी भाषांत सांगत गेला. त्या दिवशी पहिल्यांदाच मजकूर उलट्या दिशेने वाहिला. दुपारच्या जेवणात दोन चिनी आजोबा आपली ताटं घेऊन काकांच्या टेबलावर येऊन बसले.

भूगोल शिकवलेल्या आयांची पाळी घळईपाशी. अँटेलोप कॅन्यन नॅव्हाहो लोकांचं, त्यांच्या गाईडशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात अशी ती चिंचोळी फट पाहून आई म्हणाली, "ही तर आपली सांदण दरी." खडक वेगळा, इकडे वालुकाश्म आणि तिकडे बेसॉल्ट, पण धोका तोच. 1997 च्या ऑगस्टमध्ये दूर कुठेतरी पाऊस पडला आणि इथे आलेल्या लोंढ्यात 11 पर्यटक गेले. आईने नातवंडांचे हात धरले ते बाहेर येईपर्यंत सोडले नाहीत.

ग्रँड कॅन्यनसाठी बसवाल्यांचे दीड-दोन तास. दरीची लांबी 446 किलोमीटर, खोली दीड किलोमीटरहून जास्त. आपण काठावर ज्या चुनखडकावर उभे असतो, तो सुमारे 27 कोटी वर्षांचा. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे इथला सगळ्यांत वरचा, सगळ्यांत तरुण थरसुद्धा आपल्या सह्याद्रीहून कितीतरी जुना. तळाचा विष्णू शिस्ट 170 कोटी वर्षांच्याही मागचा. होय, विष्णूच. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने 1880 च्या दशकात इथल्या शिखरांना विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावं दिली. यावापाईच्या छोट्या संग्रहालयात फलकावर ती वाचून आईने पायातले बूट काढले आणि दरीला नमस्कार केला. शेजारच्या चिनी आजींनी क्षणभर पाहिलं आणि त्यांनीही हात जोडले. ब्राइसपासून या दोघींची मैत्री जमली होती. एकीच्या पुऱ्या, दुसरीच्या भाजलेल्या कलिंगडाच्या बिया, आणि पर्समधले नातवंडांचे फोटो. समाईक भाषा शून्य होती आणि गप्पा अखंड चालू होत्या.

इतक्या वर्षांनी आम्ही जमलो की दरीपेक्षा त्या बसचीच चर्चा जास्त होते, आणि त्याचं कारण आमच्या उपनगरातल्या घरांत आहे. तिथे कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नाही, रिक्षा नाही. कोथिंबिरीची जुडी हवी तरी गाडी काढणारा कुणी पाहिजे. आयुष्यभर घर चालवलेली माणसं दिवसभर खिडकीशी बसून राहत आणि आम्ही आलो की म्हणत, "तुला वेळ असेल तेव्हा." बसमध्ये हे वाक्य ऐकू आलं नाही. तिथे चालवणारा तिसराच होता, इंग्रजी आम्हालाही तुटपुंजीच मिळत होती, आणि गर्दीच्या प्रवासाचा सराव आमच्यापेक्षा त्यांना जास्त. चहाचं गरम पाणी कुठे मिळेल, कुठल्या थांब्यावर स्वच्छतागृहाची रांग लहान असेल, हे आम्ही त्यांना विचारत होतो.

आता मुलं मोठी झाली. ती एका काठावरून उतरून दुसऱ्या काठावर चढायचे बेत करतात आणि आम्हाला प्रेमाने सांगतात, "तुम्ही नुसते मागे बसा, आम्ही गाडीने नेऊ." गुडघे बोलायला लागलेत, त्यामुळे नाही म्हणवत नाही. पण आमच्यातल्या दोन-तीन जोडप्यांनी परवा गुपचूप बसच्या वेळा पाहून ठेवल्या. मुलांना वाटतंय, आम्ही पैसे वाचवतोय. वाटू दे.