दुचाकीवरचा जमाखर्च

पाबळहून शिक्रापूर, राजगुरुनगर किंवा शिरूरकडे वसुलीस आणि ऑर्डरी घेण्यास निघणाऱ्या व्यापाऱ्याच्या दुचाकीवर पूर्वी विजेला फारसे काम नसे. पुढचा दिवा, मागचा दिवा आणि हॉर्न, एवढाच तिचा प्रपंच. बॅटरी थकली तरी किक मारून गाडी घरी येई. आज त्याच गाडीच्या हँडलवर मोबाईल बसतो, त्यावर नकाशा उलगडतो, हेल्मेटच्या अस्तरात कानाशी ब्लूटूथचा स्पीकर असतो. काही हौशी मंडळी गाण्यांसाठी वेगळा ॲम्प्लिफायर आणि दोन जादा दिवेही जोडून घेतात. टीव्हीएस कंपनीने २०१८ साली फोनशी जोडता येणारी एनटॉर्क १२५ ही स्कूटर आणली, तर नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या रॉयल एन्फिल्डच्या मीटिऑर ३५० वर वळणे दाखवणारी स्वतंत्र तबकडी होती. कारखान्यातूनच सर्व जोडणी होऊन येणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. व्यापारी घरांतील गाडी बहुधा साधी, कामाची असते आणि ही उपकरणे तिच्यावर मागाहून, एकेक करून चढतात.

पाबळच्या पेठेतील एका घाऊक किराणा दुकानाच्या धाकट्या मुलाने असेच केले. दिवाळीत त्याने चार्जर, ॲम्प्लिफायर आणि दोन दिवे विकत घेतले आणि रस्त्यावरच्या एका कारागिराकडून बसवूनही घेतले. पंधरवड्यातच रांजणगावच्या गर्दीत गाडी बंद पडली आणि मालाच्या टेंपोत घालून घरी आणावी लागली. व्यापाऱ्याच्या मुलाने एकही वस्तू उधारीवर देताना खाते पाहिल्याशिवाय हात सैल सोडला नसता. विजेच्या बाबतीत मात्र खाते न पाहताच त्याने खर्च मांडला होता.

ते खाते असे. इंजिन फिरते तेव्हा अल्टरनेटर वीज निर्माण करतो, ती जमा. दिवे, हॉर्न, प्रज्वलन आणि जोडलेली उपकरणे हा खर्च. बॅटरी ही मधली शिल्लक. १२ व्होल्ट, ४ अँपिअर-तास क्षमतेच्या लहान बॅटरीत कागदावर ४८ वॅट-तासच वीज मावते. फोनच्या चार्जरला सुमारे १२ वॅट, ॲम्प्लिफायरला २० आणि दोन दिव्यांना ४० धरले तर बेरीज ७२ वॅट होते. इंजिन बंद ठेवून हे सर्व चालू राहिल्यास शिल्लक ४० मिनिटांत संपते, प्रत्यक्षात त्याहूनही लवकर. गर्दीत गाडी सावकाश चालते तेव्हा जमा आटते, खर्च मात्र तेवढाच राहतो. दिवसा दिवा बंद ठेवून काटकसर करण्याची सोयही उरलेली नाही, कारण १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. त्यात एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोल सोडण्याचे कामही बहुधा विजेवरच चालते. बॅटरी पुरती उतरली तर अशी गाडी किकलाही दाद देईल याची खात्री नाही.

पाबळ हे गाव बाहेरच्यांना मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असते. हाताने काम करणाऱ्यांना ते विज्ञान आश्रमामुळे ठाऊक आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली या अवर्षणप्रवण गावात तो उभा केला. वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती, स्वयंपाक या प्रत्यक्ष कामांतूनच शिक्षण घडावे, ही त्यांची धारणा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ साली तेथे फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबांत तिची गणना होते. शहरातील महाविद्यालयांना न सुचलेली गोष्ट शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यात घडली, याची दखल तालुक्यानेच पुरेशी घेतलेली नाही.

आश्रमात शिकून स्वतःचे छोटे वर्कशॉप टाकलेल्या एका तरुणाकडे ती गाडी अखेर गेली. त्याने पाना हाती घेण्याआधी कागद मागितला आणि प्रत्येक उपकरणाचे वॅट लिहून काढले. दोन जादा दिवे तेथेच रद्द झाले. मग त्याने बॅटरीच्या धन टोकापासून स्वतंत्र तार काढली, टोकाजवळच फ्यूज घातला आणि मध्ये रिले बसवला. चावी फिरवली की रिले उपकरणांना वीज देतो, चावी काढली की तोडतो. रात्री विसरलेला चार्जर मग शिल्लक खात नाही. गाडीच्या मूळ तारा त्याने कोठेही कापल्या नाहीत. संगणकीय नियंत्रण असलेल्या गाडीत एक चुकीचा जोड महागात पडतो, आणि वॉरंटीचाही प्रश्न असतो.

स्पीकरमधून येणाऱ्या शिट्टीचे कारणही त्याने शोधले. फोन चार्ज होत असताना त्यातून तारेने गाणे वाजवले की शिट्टी येई आणि इंजिनाचा वेग वाढला की तिचा सूर चढे. दोन्ही उपकरणांची ऋण टोके चासीवर दोन निरनिराळ्या जागी जोडलेली होती आणि त्या दोन जागांमधील किंचित फरक आवाजाच्या तारेतून वाट काढत होता. एकाच व्यवहाराची दोन वह्यांत दोन तऱ्हांनी नोंद व्हावी, तसे ते झाले होते. दोन्ही टोके बॅटरीच्या ऋण टोकाशी आणताच शिट्टी थांबली. फोनच्या पकडीखाली रबर आले, कारण इंजिनाच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, अशी सूचना २०२१ मध्ये ॲपल कंपनीनेच दिली होती.

नकाशाचे दुखणे वेगळे. शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप, पिंपळे धुमाळ, पिंपळे खालसा अशी गावे आहेत; रांजणगाव गणपती आहे तसेच रांजणगाव सांडसही आहे. नुसते ‘पिंपळे’ किंवा ‘रांजणगाव’ लिहिले तर फोन गोंधळतो, आणि चालत्या गाडीवर बोटाने दुरुस्ती करणे हा जिवाशी खेळ आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन सेकंद नजर खाली गेली की गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. तेव्हा प्रत्येक ग्राहकाच्या दुकानाचे ठिकाण एकदाच नोंदवून ठेवावे आणि तालुक्याचा नकाशा घरीच उतरवून घ्यावा. आपण कोठे आहोत हे फोन सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांच्या संदेशांवरून ताडतो. त्याला इंटरनेट लागत नाही. ते लागते नकाशाच्या चित्राला.

वीज, आवाज, नकाशा यांचा मेळ बसला. राहिले संभाषण, आणि तेथे फ्यूज बसवता येत नाही. युटा विद्यापीठाचे डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांचे सहकारी जॉन्स्टन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोनवर बोलणाऱ्यांच्या नजरेतून सिग्नल अधिक सुटले आणि त्यांची प्रतिक्रियाही मंदावली. फोन हातात होता की नव्हता, याने फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. गाणे उत्तर मागत नाही. गादीवरून आलेला फोन मागतो. आपला कायदाही असाच भेद करतो. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे वाहन चालवताना हातातील उपकरण केवळ मार्ग पाहण्यापुरते, तेही लक्ष विचलित न होता, वापरता येते.

त्या घरात फोनची गर्दी सायंकाळी होई. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावयाचे, म्हणून आईचा फोन येई: “अरे, निघालास का? अर्धाच तास राहिला.” “आई, गाडीवर आहे.” “बरं, मग काकांशी एक मिनिट बोल.” आणि काका साखरेचा भाव, मलठणची बाकी, सगळे विचारून घेत. शिरूरहून पाबळकडे येताना त्या वेळी मावळता सूर्य थेट डोळ्यांवर असतो.

मार्ग निघाला तो फोनमधूनच. निघताना तो व्हॉट्सॲपवर आपले चालते ठिकाण घराला एक तासापुरते दाखवून ठेवतो. ‘कुठे आहेस’ हा प्रश्नच उरला नाही. आलेले फोन गाडी चालू असताना वाजत नाहीत. शिरूर सोडण्यापूर्वी आणि कान्हूर मेसाईला थांबून तो स्वतः दुकानाला लावतो. ठिपका कान्हूर मेसाईच्या पुढे सरकला की आई तवा चुलीवर ठेवते. काकांना ही व्यवस्था अजून पसंत नाही. भाव तेवढ्या वेळात बदलतो, असे त्यांचे म्हणणे आहे. तरी प्रश्न ते चिठ्ठीवर लिहून गल्ल्यात ठेवू लागले आहेत.